वाशाला टांगलेला नारळ

रविवार, २३ मार्च. उद्याच्या साठ डब्यांना बिरडं द्यायचं आहे, म्हणून चार किलो वाल सोलायला घेतले आहेत. शुक्रवारी सकाळी भिजत घातले, संध्याकाळी फडक्यात बांधले, आज दुपारपर्यंत बोटभर मोड आले. आता कोमट पाण्याच्या टोपात आहेत. टोपाच्या या बाजूला मी, त्या बाजूला बाबा.

वाल सोलणं सोपं असतं. एका टोकाला अंगठ्याने दाबलं की डाळिंबी आपोआप सालातून बाहेर येते. बाबांचे हात थरथरतात, त्यामुळे त्यांची डाळिंबी कुठेही उडते. आतापर्यंत तीन फ्रिजखाली गेल्या. मी वाटीभर सोलते तेवढ्या वेळात त्यांच्या दहा होतात. तरी त्यांना बसवते, कारण सोलायला बसलेला माणूस डोळ्यांसमोर असतो.

बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. एसटीत ड्रायव्हर होते. कशेडीचा घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला असेल, ते त्यांनाही सांगता येणार नाही. दरड कोसळली की गाडी कुठे थांबवायची, ट्रकला कुठल्या वळणावर बाजू द्यायची, हे त्यांना पाठ होतं. ड्युटीवर थेंबभरही घेतली नाही. आता तिथे बोगदा झाला आहे. गेल्या वर्षी भावाने त्यांना गाडीतून त्यातून नेलं, तर म्हणाले, "यात ड्रायव्हर कशाला लागतो? कोणी पन चालवील."

निवृत्त झाल्यावर संध्याकाळची दारू सुरू झाली. आईने दहा-बारा वर्षं तिला संध्याकाळीच ठेवलं. कसं ठेवलं ते आईलाच ठाऊक. मी सासरी महाडात, भाऊ नालासोपाऱ्याला. आम्ही दोघं सणाला येणार आणि जाणार. आई गेली तेव्हा तेराव्याला बाबा सकाळीच प्यायलेले होते. आम्ही म्हटलं, आज असू दे. त्यानंतर ती सकाळचीच झाली.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला आहे. अठरा घरं, त्यांतल्या अकरांना कुलूप. जी सात उघडी आहेत त्यांत माणसं साठीच्या वरची. देवळाच्या ओट्यावर दुपारी चार म्हातारे बसत, त्यांत बाबा. प्यायलेले असले की एकच विचारायचे, "माझी लास्ट गाडी कधी लागायची रे?"

"अरे लाल डबा हाय तो. टायमावर कधी सुटलाय?"

"तुझं रिझर्वेशन नाय म्हाताऱ्या. उभ्यानं जावं लागंल."

"उभ्यानं जातो. पन लावा म्हनावं आता."

सगळे हसायचे. मीही हसले आहे. एकदा मी भाकऱ्या घेऊन गेले होते तेव्हा त्या ओट्यासमोर उभी राहून मीच म्हटलं, "बाबा, डेपोत चौकशी करून येऊ का?" तेव्हा सर्वांत मोठ्याने तेच हसले होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

नारळाची कल्पना माझी. दुसऱ्या कोणाची नाही.

आमच्याकडे दारू सोडवायची असली की माणसाला ग्रामदेवतेपुढे उभं करतात. गाव जमतं, गुरव गाऱ्हाणं घालतो आणि पिणारा नारळावर हात ठेवून बोलतो की आजपासून घेणार नाही. मग तो नारळ लाल फडक्यात बांधून देवळाच्या वाशाला टांगतात. आमच्या देवळात असे सात-आठ नारळ आहेत. त्यांतल्या काहींचे मालक मरून गेले. नारळावर हात ठेवून बोललेलं मोडलं, तर ते त्या एका माणसाला भोवत नाही, सगळ्या वाडीला भोवतं, असं मानतात. म्हणूनच त्याचा धाक असतो.

मला ही व्यवस्था फार सोयीची वाटली. मी महाडात बसून त्यांच्यावर किती लक्ष ठेवणार? नारळ टांगला की सात घरांची नजर आपोआप राहील. गणपतीला मुंबईची माणसं आली होती, गावकी भरली होती. मी महाडहून निघतानाच चांगला भरलेला नारळ पिशवीत घातला होता. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "देवाला मधी कशाला आनतेस गो?"

म्हटलं, "माझं ऐकत नाही, भावाचं ऐकत नाही. राहिलं कोण?"

ते उठले, तोंड धुतलं, टोपी घातली आणि आले. नारळावर हात ठेवला तेव्हा तो हात असाच थरथरत होता. गुरव म्हणाला, "दाबून धर दादा, पडंल." कोणीतरी मागून म्हणालं, "ष्टेरिंग धरल्यागत धर!" पुन्हा सगळे हसले.

तिसऱ्या दिवशी त्यांना घाम सुटला, जेवण पोटात ठरेना, अंग कापायला लागलं. मी तेव्हा वाडीतच होते. दुपारी ते दारात उभं राहून रिकाम्या घराला सांगायला लागले, "उतरा, उतरा, गाडी हितपर्यंतच हाय." मी विचारलं, कोणाला सांगताय? म्हणाले, "पॅशिंजर. भरून हायत. उतरा म्हनतो तर उतरत नायत." शेजारची काकी आली, तिने अंगारा लावला. म्हणाली, "देव परीक्षा बघतोय. चार दिवस लागतात." मीही तेच धरून चालले. विष अंगातून बाहेर पडतंय म्हटलं. चार दिवसांनी खरंच उतरलं आणि मी डब्यांच्या ऑर्डरी होत्या म्हणून महाडला परत आले. भावाला फोन करून सांगितलं, "झालं काम."

पुढे डॉक्टरांनी सांगितलं की अशी जुनी दारू एकदम तोडणं हेच धोक्याचं असतं, या वयात तर फारच. दवाखान्यात, औषधं चालू ठेवून सोडवतात. त्या चार दिवसांत ते जाऊही शकले असते. आम्ही अंगारा लावत बसलो होतो.

भातकापणी होईपर्यंत ते कोरडे राहिले. मग लपून सुरू झाली. हे मला फार उशिरा कळलं, कारण कोणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर नारळ मोडला असं झालं असतं, आणि नारळ मोडला म्हणजे वाडीला भोवणार. म्हणून ज्यांना वास यायचा तेही गप्प बसले. ओट्यावर बसणं बाबांनी सोडलं. एसटीच्या जुन्या शेडमागे एकटेच बसायचे. पूर्वी ते चार माणसांत प्यायचे, काहीबाही बोलायचे, चार माणसं हसायची. माझ्या नारळाने तेवढं बंद केलं.

डिसेंबरात वाडीच्या पाण्याचा पाइप वरच्या ओढ्याजवळ फुटला. आठ दिवस पाणी नव्हतं. त्याच आठवड्यात काकीचा गोऱ्हा मेला. ओट्यावर कोणीतरी म्हणालं, "कोनाच्या तरी पोटात खोट हाय, त्याबिगर असं होत नाय." नाव घेतलं नव्हतं. पण बाबांनी मला फोन केला. फोन ते स्वतःहून कधी करत नसत.

"माझ्यामुळं झालं गो."

"काय झालं?"

"पानी गेलं. काकीचा गोऱ्हा गेला. बोललेलं मोडलं मी."

माझ्या एका हातात पोळीचं पीठ होतं. मी म्हटलं, "मोडलंत? मग आता तरी पिऊ नका." आणि फोन ठेवला. पाइप जुना होता, कधीतरी फुटणारच होता. गोऱ्ह्याला सापाने धरलं होतं. हे दोन्ही मला तेव्हाच माहीत होतं. एवढं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते मी सांगितलं नाही.

जानेवारीत मी गेले तर घर झाडून-पुसून लख्ख. आईच्या साड्या गाठोड्यात बांधून वर भावाचं नाव असलेली चिठ्ठी. बाबांची एकच बकरी होती, ती काकीच्या दाराशी बांधलेली. मनगटावर घड्याळ नव्हतं. ते ओट्यावरच्या एका सोबत्याला देऊन टाकलं होतं. आणि शिमग्यात पालखीला आमच्या घराचा पहिला खांदा असतो, तो मान त्यांनी आपल्या चुलत भावाच्या नावे करून गावकीला तसं कळवून टाकलं होतं. "खांदा दुखतो," म्हणाले.

मला बरं वाटलं. हे लिहायला जड जातं, पण बरं वाटलं. मला आवराआवर आवडते. घर आवरलेलं, माणूस शांत, बोलायला गोड. मी जाताना त्यांनी मला आईचा पितळेचा डबा दिला. वाटलं, गाडी रुळावर आली. मी डबा घेऊन महाडला आले आणि चिंचेने घासून शेल्फावर ठेवला.

त्यानंतर नवव्या दिवशी दुपारी काकी बकरीसाठी पेंढा आणायला आमच्या रिकाम्या गोठ्यात गेली. बाबा तिथे होते. ते काय करायला निघाले होते ते मी लिहिणार नाही. काकी सत्तरीची आहे, पण आवाज खणखणीत. तिच्या ओरडण्याने वाडीतली होती नव्हती ती माणसं धावली. बाबा भरपूर प्यायलेले होते. काकी मला नंतर म्हणाली, "बकरी दिलीन तवाच मला कळाया पायजे व्हतं. बकरी कोन देतो का गो, दूध देनारी?"

महाडच्या दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या, माझ्यापेक्षा वयाने लहान. त्यांनी मला बाजूला बसवून विचारलं, "मरायचं बोलत होते का आधी?"

मी म्हटलं, "प्यायल्यावर बोलायचे. प्यायलेला माणूस काय, काहीही बोलतो."

"किती दिवस?"

मी हिशेब केला. ओटा, लास्ट गाडी, आईचं तेरावं. "चार वर्षं," म्हटलं.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हातारा माणूस, बायको गेलेली, एकटा, आणि वर दारू. हे एका ठिकाणी आलं की मी पहिला हाच प्रश्न विचारते. नुसतं दुःख असलं तर माणसाला काहीतरी अडवतं. दारू त्या अडवणाऱ्यालाच आधी झोपवते. आणि म्हातारी माणसं आरडाओरडा करत नाहीत. आवरून ठेवतात आणि जातात."

मी विचारलं, "पुन्हा करतील?"

"करू शकतात. म्हणून रोज विचारायचं. सरळ शब्दांत. विचारल्याने डोक्यात येत नाही, असलेलं बाहेर येतं. 'हो' म्हणाले तर एकटं सोडायचं नाही आणि मला कळवायचं."

घरातलं काय काय हलवायचं तेही त्यांनी सांगितलं. मी त्याच संध्याकाळी हलवलं. त्यांच्या गोळ्या माझ्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. नवऱ्याने बाहेरच्या खोलीत खाट टाकली आणि आतल्या बाजूची कडी काढून टाकली. तेव्हापासून बाबा इथे आहेत. रोज दिवेलागणीला मी विचारते, "आज मरावंसं वाटतं?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझीच जीभ अडखळली. आता भाजीत मीठ आहे का विचारावं तसं विचारते. ते "नाय" म्हणतात किंवा "थोडं" म्हणतात. मला खोटं सांगत नाहीत, असं मी समजते. समजण्यापलीकडे माझ्याकडे काही नाही.

दारू सुटली असंही नाही. फेब्रुवारीत मी डबे पोचवायला गेले असताना निघून गेले. तीन तास शोधलं. शेवटी स्टँडवरच्या बाकावर सापडले, प्यायलेले. पोलादपूरची गाडी फलाटाला लागत होती आणि हे हाताने खुणा करून ड्रायव्हरला मागे घे, मागे घे सांगत होते. ड्रायव्हर तरुण होता. त्याने बरोबर लावली आणि यांना सलाम केला. मी दंडाला धरून घरी आणलं.

मार्च लागल्यावर एक दिवस म्हणाले, "नारळ हाय तिथं अजून."

मला वाटलं, सापडलं. मी कामाची बाई आहे. बिघाड कुठे आहे ते कळलं की दुरुस्त करता येतो. नारळ मी टांगला, मीच सोडवणार. शिमग्याला गावकी भरली तेव्हा मी बाबांना घेऊन वाडीत गेले आणि सगळ्यांसमोर उभी राहून म्हटलं, "नारळ उतरवा."

बाबांचा चुलत भाऊ म्हणाला, "नारळ उतरवला मंजे मग पियाला मोकळा!"

"नारळ असताना पण पितातच ते. तुम्हा सगळ्यांना माहीत होतं. वास येत नव्हता का कोणाला?"

मुंबईहून आलेला एक म्हणाला, "ताई, सिस्टम असते ना एक. असं कसं मधेच कॅन्सल?"

"मग तुझा ठेव हात," काकी म्हणाली. "तू काल गाडीत काय पीत आलास, सांगू?"

त्यावर हशा झाला आणि हशातच काम झालं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, बोललेल्या शब्दातून माणसाला मोकळं केलं आणि शिडी लावून नारळ काढला. सहा-सात महिने टांगलेल्या नारळाचा गोटा होतोच. आत खुळखुळ वाजत होतं. तो खायचा नाही, नदीत सोडायचा असतो. आम्ही परत येताना पोलादपूरला रिक्षा थांबवली, बाबांनी तो सावित्रीत टाकला. पाणी कमी होतं. दगडाला लागला, थोडा थांबला, मग गेला.

रिक्षात मी विचारलं, "बरं वाटलं?"

"कशानं?"

"नारळ सुटला."

"हां," म्हणाले. मग म्हणाले, "पन नारळ टांगायच्या आदीपासून वाटत व्हतं मला तसं."

"कधीपासून?"

"ही गेली तवापासून. त्याच्या आदीपन थोडं थोडं. डूटी संपली तवापासून म्हन."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायचो की. रोज बोलायचो वट्यावर."

नारळाने अपराध वाढवला होता, तेवढा कदाचित कमी झाला असेल. त्याखाली जे होतं ते माझ्या आवाक्यातलं नव्हतं. त्याला टांगायला वासा नाही आणि सोडायला नदी नाही. भावाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "चला, एक टेन्शन गेलं." मी त्याला समजावत बसले नाही. पुढच्या रविवारी इथे येऊन दोन दिवस राहा म्हटलं. बघतो म्हणाला.

हे सगळं आज वाल सोलताना डोक्यात आलं, कारण आज दिवेलागणीला मी नेहमीसारखं विचारलं आणि बाबांनी लगेच उत्तर दिलं नाही. हातातला वाल सोलून घेतला. या खेपेला डाळिंबी उडाली नाही, नीट वाटीत पडली.

"हाय," म्हणाले.

"थोडं?"

"नाय. हाय."

मी हात पुसले आणि डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, सकाळी पहिला नंबर लावा, तोवर डोळ्यांआड होऊ देऊ नका. मी नवऱ्याला सांगितलं, त्याने बाहेरच्या खोलीत बाबांच्या खाटेला लागून आपली गादी घातली. बाबा हे सगळं बघत होते. म्हणाले, "किती दिवस करशील?"

मी खरं तेच सांगितलं. "माहीत नाही. उद्याचं ठरलंय."

उरलेले वाल मी एकटीने सोलले. बाबा समोर बसून राहिले.

सोमवारी सकाळी सव्वापाचला उठले. बाबा जागे होते, खाटेवर बसलेले. बिरडं फोडणीला टाकलं, पोळ्या लाटल्या, डबे भरून सात वाजता नवऱ्याबरोबर रवाना केले. त्यांना आंघोळीला पाणी काढून दिलं आणि बाहेर दाराशी उभी राहिले. मग घरातून निघण्याआधी दोन किलो वाल निवडून भिजत घातले. टोपावर झाकण ठेवताना सांगितलं, "बाबा, परवा सोलायचे आहेत."

त्यांनी टोपाकडे बघितलं. "परवा?" म्हणाले.

"बुधवारी."

त्यांनी चपला घातल्या. मी कुलूप लावलं आणि आम्ही दवाखान्याकडे चालायला लागलो.